गाडीवरची धूळ आणि माझी राहून गेलेली बातमी

पोस्ट लांब आहे. ज्यांच्याकडे चारचाकी नाही त्यांनीही वाचावी, खरं तर त्यांनीच वाचावी.

यंदाच्या 6 जानेवारीला पत्रकार दिनाच्या कार्यक्रमात मला एक पिशवी मिळाली. डायरी, पेन, शाल आणि गाडी पुसायचा एक डस्टर. लाकडी दांडा, त्याला लाल सुती झुपके, हात लावला की जरा चिकट. पिशवी ज्यांच्याकडून होती त्यांनी आपल्याकडच्या एका रस्त्याचं काम घेतलेलं आहे. 1832 साली याच तारखेला बाळशास्त्री जांभेकरांनी मुंबईत ‘दर्पण’ सुरू केलं, त्यावर भाषणं झाली. माझंही झालं. मी निर्भीडपणावर बोललो, टाळ्या घेतल्या, पिशवी घेतली आणि चिचगडला परत आलो.

आधी डस्टरचंच सांगतो, कारण वस्तू कामाची आहे आणि बरेच जण ती चुकीची वापरतात.

माझी गाडी जुनी, सेकंडहँड, गडद निळी. या रंगावर मुरमाची धूळ लपत नाही. सकाळी देवरीला तहसीलच्या बातमीला जायचं आणि दुपारी परतायचं, तेवढ्यात निळी गाडी तांबडी होते. रोज धुवायची म्हटलं तर चार-पाच बादल्या पाणी लागतं, आणि मार्चनंतर घरात पाण्यावरून काय बोलणी खावी लागतात ते आपल्यापैकी अनेकांना माहीत आहे. म्हणून दोन धुण्यांच्या मधे डस्टर. त्याच्या धाग्यांना मेण लावलेलं असतं. ते धूळ उडवत नाही, धरून ठेवतं. नवा डस्टर लगेच वापरायचा नाही. रात्रभर जुन्या वर्तमानपत्रावर ठेवायचा, म्हणजे जास्तीचं मेण कागद पिऊन घेतो. मी आमच्याच पेपरवर ठेवला होता. सकाळी पहिल्या पानावरच्या मंत्र्यांच्या तोंडावर तेलकट डाग!

पुसताना दाबायचं नाही, हीच मुख्य गोष्ट. झुपके नुसते फिरवायचे, टपापासून खाली, आणि दर दोन हातांनी बाजूला जाऊन झटकायचे. कारण धुळीत गारगोटीचे बारीक कण असतात आणि गारगोटी लोखंडी खिळ्यापेक्षा कठीण असते. दाबून घासलं की रंगावरचा पारदर्शक थर चरचरतो. उन्हात गोल गोल ओरखडे दिसतात ना, ते त्याचेच. ओल्या गाडीवर डस्टर चालत नाही. आपल्याकडे थंडीत पहाटे दव पडतं, त्यावर फिरवला की चिखलाचा लेप होतो. चिखल, पाखराची विष्ठा, डांबराचे ठिपके हे पाण्याचं काम, डस्टरचं नाही. राइस मिलच्या बॉयलरची राख बसली असेल तर आणखी जपून, कारण तुसाची राख म्हणजे बहुतांशी सिलिकाच.

काचेवर तर अजिबात फिरवू नये. मी पहिल्याच आठवड्यात फिरवला. रात्री देवरीहून येताना समोरच्या ट्रकचे दिवे पडले आणि काचेवर मेणाचा असा पडदा उजळला की गाडी कडेला घेऊन थांबावं लागलं. डस्टर साबणानं धूत बसू नये, मेण जातं. मळलेला दिसला तरी झटकला की काम करतो. आणि उघडा सीटवर टाकून गाडी उन्हात ठेवू नका, सीटकव्हरला डाग पडतो. प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा.

झालं. एवढं ज्ञान मी फेब्रुवारीपर्यंत कमावलं. गाडी चकचकीत. आणि रस्त्याच्या कामाची बातमी मात्र काही केल्या लिहून होत नव्हती.

जुना रस्ता उखडून ठेवलेला. बाजूनं मुरूम टाकून डायव्हर्जन. त्यावरून दिवसभर गिट्टीचे टिप्पर. एकेक गेला की दोन मिनिटं समोरचं दिसत नाही. याच वाटेवर एका काकूंची चहा-नाश्त्याची टपरी आहे. मी तिथे थांबतो. फेब्रुवारीत एका सकाळी चहा सांगितला आणि तो येईपर्यंत डिकीतून डस्टर काढून बॉनेट पुसायला लागलो. काकू बघत होत्या.

“भाऊ, तुमची गाडी त चमकते जी. आमचा पोहा कोन पुसन?”

बाकावरचे चार जण हसले. मीही हसलो. पोह्यांच्या परातीवर त्यांनी ओला गमछा टाकलेला होता आणि तो तांबडा झाला होता. शेजारी त्यांचा नातू बसला होता, खोकत.

त्या दिवशी बातमी द्यायला हवी होती. दिली नाही. कारण सांगतो, लाज वाटली तरी. तालुक्याच्या वार्ताहराला पगार म्हणावा असा काही नसतो, घर चालतं जाहिरातीच्या कमिशनवर. 26 जानेवारीच्या पुरवणीत अर्ध्या पानाची जाहिरात याच कामवाल्यांची होती आणि पैसे यायचे बाकी होते. मला कोणी धमकावलं नाही, कोणी फोनही केला नाही. मीच मनाशी म्हणायचो, पुढच्या आठवड्यात देऊ, जरा माहिती जमवू. असे सहा आठवडे गेले. रोज सकाळी त्यांच्याच डस्टरनं त्यांचीच धूळ पुसत होतो. हे लक्षात यायलाही मला सहा आठवडे लागले.

माहिती काही अवघड नव्हती. रस्ते मंत्रालयाच्या कामाच्या विनिर्देशांत तात्पुरत्या वाटेवर गरजेप्रमाणे वारंवार पाणी मारून धूळ बसवावी असं लिहिलेलं आहे. ती कंत्राटदाराची मेहरबानी नाही. हवेचं मानक 2009 पासून देशभर आहे: दहा मायक्रॉनपेक्षा बारीक धूळ 24 तासांच्या सरासरीनं घनमीटरला 100 मायक्रोग्रॅमच्या वर नको, अडीच मायक्रॉनपेक्षा बारीक असेल तर 60 च्या वर नको. माणसाचा केस साधारण पन्नास-सत्तर मायक्रॉन जाड असतो, यावरून अंदाज करा. बॉनेटवर आपल्याला दिसते ती बहुतेक जाडी धूळ. छातीत खोल जाते ती डोळ्याला दिसतच नाही, आणि तिला कुठला डस्टर धरत नाही. 2019 च्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात विदर्भातून नागपूर, चंद्रपूर, अमरावती, अकोला आहेत. आपला जिल्हा नाही. जंगलाचा जिल्हा म्हणून आपली हवा चांगलीच, असं सगळे धरून चालतात. जंगलात चांगली आहेच हो. टपरीवर काय आहे ते कोण मोजणार?

म्हणून मी माझ्या पद्धतीनं मोजलं. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात टपरीच्या बाकावर एक कोरा पांढरा कागद ठेवला, चार कोपऱ्यांवर चार खडे. सकाळी 9 ते 11. खडे उचलले तेव्हा त्यांच्या जागी चार पांढरे डाग आणि बाकी सगळा कागद विटकरी. त्या दोन तासांत 37 टिप्पर गेले, पाण्याचा टँकर एकही नाही. फोटो काढला, बातमी लिहिली. आतल्या पानावर का होईना, छापून आली.

तिसऱ्या दिवशी टँकर आला. काकूंनी मला फुकट चहा पाजला, मी पैसे ठेवले. टँकर चार दिवस आला, पाचव्या दिवसापासून बंद. साइटवरच्या मुनशीला विचारलं तर म्हणाला, “साहेब, उन्हाळा आहे, पाणी कुठून आणू?” आणि वर, “डस्टर दिला ना तुम्हाला?” तो गमतीनंच म्हणाला असेल. जाहिरातीचे पैसे मात्र अजून आलेले नाहीत.

डस्टर परत द्यायचा विचार केला होता. बायको म्हणाली, “वापरून काळा केलेला डस्टर कोण परत घेतो? नाटकं नका करू, पाण्याचं बघा.” तेव्हा तो गाडीतच आहे, वापरतोही. फक्त टपरीसमोर काढत नाही.

मागच्या सोमवारी दहा रुपयांचा शिक्का लावून माहिती अधिकाराचा अर्ज टाकलाय. अंदाजपत्रकात पाणी मारण्यासाठी किती तरतूद आहे, टँकरच्या किती फेऱ्यांचं बिल निघालं, नोंदवहीत त्या कोणत्या तारखांना दाखवल्या आहेत, एवढंच मागितलं आहे. उत्तराला 30 दिवस. तोवर एक काम तुम्ही करा. या वाटेवर ज्यांची घरं, दुकानं आहेत त्यांनी टँकर दिसला की तारीख आणि वेळ वहीत लिहून ठेवा. दिसला नाही तर तेही लिहा. काकूंना लिहिता येत नाही, त्यांच्याकडे कॅलेंडर दिलंय. टँकर आला की त्या तारखेवर त्या कोळशानं एक रेघ मारतात. आज सकाळपर्यंत एकही रेघ नाही.