विटांचे दोन खांब

नवराबायको जोडीने प्रवासाला जातात, असे आपण म्हणतो. वास्तविक ती दोघे एकाच विमानात शेजारी बसून दोन वेगवेगळ्या गावांना जाऊन येतात. हे शहाणपण मला लग्नाला तीस वर्षे उलटून गेल्यावर, सिंगापूरच्या एका फुटपाथवर उभा असताना आले. तोवर मी स्वतःला मोठा जाणता प्रवासी समजत होतो.

सिंगापूर आम्हांला परके नव्हे. १९९३ ते १९९५ अशी दोन वर्षे मी तिथल्या एका कंपनीत इंजिनिअर होतो. नवे लग्न, नवी नोकरी आणि डॉलरमधला पगार! पुढे आम्ही मुंबईला परतलो, पण माझ्या बोलण्यातून सिंगापूर काही गेले नाही. घरी पाहुणा आला, की चहाच्या आधी त्याच्यापुढे माझे सिंगापूर येई. "आम्ही सिंगापुरात होतो तेव्हा..." अशी मी सुरुवात केली, की ही उठून स्वयंपाकघरात जाई. मी समजे, पोहे करायला गेली.

मुलीला नोकरी लागली आणि तिने पहिल्या बोनसातून आमची तिकिटे काढली. दिवाळीला पंधरा दिवस होते. "फराळाचं काय?" असे हिने एकदा विचारून पाहिले, पण मुलीने तो विषय वाढू दिला नाही. मी कपाटातला जुना आल्बम काढून बॅगेत घातला. बेत असा, की तेव्हा ज्या ज्या ठिकाणी फोटो काढले, तिथे तिथे उभे राहून पुन्हा काढायचे. मुलगी म्हणाली, "बाबा, मस्त कल्पना आहे." ही काहीच बोलली नाही.

पहिला मान अर्थातच मर्लायनचा. अर्धा सिंह, अर्धा मासा असा तो पांढरा पुतळा १९७२ पासून सिंगापूर नदीच्या मुखाशी तोंडातून पाण्याची चूळ टाकत उभा असे. आल्बममधला फोटो हातात धरून मी नेमकी ती जागा शोधू लागलो. पूल दिसला, पाणी दिसले, पण सिंहाचा पत्ता नाही! अखेर कळले ते असे: १९९७ साली समोर नवा पूल झाला आणि सिंहमहाराजांची समुद्राकडची नजर अडली. म्हणून २००२ मध्ये सुमारे सत्तर टनांचा हा पुतळा उचलून १२० मीटरवर नेऊन ठेवला. ज्याच्या भरवशावर मी आलो होतो, तोच जागेवरून हललेला!

नव्या जागी आम्ही फोटो काढला. मग मी जुना फोटो हिच्यापुढे धरला. "बघ, किती खूष होतीस तेव्हा! कशी हसते आहेस."

हिने चष्मा वर करून फोटो पाहिला. "हसत नाहीये. डोळ्यांवर ऊन आलंय," ती म्हणाली.

मी हसलो. विनोद होता, असे मला वाटले.

दुसऱ्या दिवशी आम्ही तोआ पायोला गेलो. मुंबईच्या वाचकाला सिंगापूर समजावून सांगायचे, तर सरकारी घरांपासून सुरुवात करावी लागते. १९६० साली स्थापन झालेल्या गृहनिर्माण मंडळाने बांधलेल्या उंच इमारतींतच तिथले बहुसंख्य लोक राहतात. तळमजला मोकळा असतो. तिथे लग्नेही लागतात, मयताची बैठकही होते आणि म्हातारी माणसे पट मांडून बसतात. आमची इमारत उभी होती. रंग मात्र नवा, आणि लिफ्ट आता प्रत्येक मजल्यावर थांबणारी. आमच्या वेळी ती मधले मजले सोडून थेट वर जाई. आम्ही सातव्यावर राहत होतो आणि लिफ्ट थांबे पाचव्यावर.

"दोन मजले चढायला काय व्यायाम व्हायचा, आठवतं?" मी उत्साहाने विचारले.

"तुमच्या हातात ब्रीफकेस असायची," ही म्हणाली. "माझ्या हातात पाच किलो तांदूळ."

खाली एका कोपी दुकानात शिरलो. इथली कॉफी मागवणे हे एक शास्त्र आहे. 'कोपी' म्हणजे कॉफी, घट्ट गोड दुधाची. 'कोपी ओ' म्हणजे बिनदुधाची. 'कोसोंग' म्हणजे मलय भाषेत शून्य, अर्थात साखर नको. ही विद्या मी पाहुण्यांना कितीदा शिकवली असेल! मी ऐटीत पुढे झालो आणि काउंटरवरच्या आजीबाईंपुढे अडखळलो. तेवढ्यात मागून हिने दोन चहा, एक आल्याचा, एक कमी साखरेचा, नारळाचा काया जाम लावलेला टोस्ट आणि अर्धवट उकडलेली अंडी असे सगळे मलय आणि चिनी शब्दांच्या मिसळीत, खडाखड सांगून टाकले. आजीबाई हसल्या. ही हसली. मी पैसे दिले.

"तू हे कधी शिकलीस?"

"तुम्ही ऑफिसात होतात तेव्हा."

हे वाक्य मला त्या प्रवासात पुष्कळदा ऐकायला मिळाले. धोबी घाट नावाच्या स्टेशनावर उतरलो तेव्हाही. आपल्याकडून गेलेले धोबी एके काळी तिथल्या ओढ्यावर कपडे धूत, म्हणून त्या जागेला हे नाव पडले, असे हिनेच मला सांगितले. दोन वर्षे मी त्या नावाखालून रोज ऑफिसला गेलो होतो आणि एकदाही ते मराठीत वाचले नव्हते.

तिथे उतरण्याचा आग्रह हिचाच होता. साऱ्या सहलीत तिने एवढी एकच जागा मागितली होती. स्टॅम्फर्ड रस्त्याने ती माझ्यापुढे चालू लागली. फोर्ट कॅनिंगच्या टेकडीपाशी, बोगद्याच्या तोंडाजवळ, लाल विटांचे दोन खांब नुसतेच उभे आहेत. ना दार, ना भिंत. शेजारून मोटारी बोगद्यात जात होत्या. ही त्या खांबांपाशी थांबली.

"हे फाटक," ती म्हणाली. "आत वाचनालय होतं."

ते सिंगापूरचे राष्ट्रीय ग्रंथालय. १९६० साली उघडले. ली काँग चियान या उद्योगपतींनी त्यासाठी ३,७५,००० डॉलर दिले ते एका अटीवर: वाचनालय सर्वांना फुकट असावे आणि आशियातल्या भाषांची पुस्तके तिथे असावीत. ती लाल विटांची इमारत सुरुवातीला लोकांना कुरूप वाटली. पुढे तीच इतकी लाडकी झाली, की रस्त्याच्या बोगद्यासाठी ती पाडायचे ठरले तेव्हा एरवी शिस्तीच्या त्या शहरात चांगलाच निषेध झाला. २००४ च्या मार्चअखेरीस ग्रंथालय बंद झाले, मग इमारत गेली. राहिले ते हे दोन खांब.

"इथे मी रोज येत होते," ही म्हणाली.

"रोज?"

"तुम्ही साडेसातला निघायचात, रात्री नऊला यायचात. घरात किती वेळ बसणार? इथे पंखा होता, पुस्तकं होती, आणि 'काय करता' असं कुणी विचारत नव्हतं. मराठी पुस्तक एकही नाही. म्हणून मी इंग्रजी वाचायला लागले."

दादरच्या शाळेतली नोकरी सोडून ती माझ्याबरोबर आली होती. हे मला ठाऊक होते, म्हणजे आपल्या घराचा पिनकोड ठाऊक असतो तसे.

थोड्या वेळाने ती म्हणाली, "इथेच बसून अण्णांना पत्र लिहायची. मला घेऊन जा म्हणून."

अण्णा म्हणजे माझे सासरे, रत्नागिरीचे. त्यांना जाऊनही आता बारा वर्षे झाली.

"मग?"

"मग काय? फाडून टाकायची. पत्र मिळालं असतं तर अण्णा लगेच आले असते ना. घर गहाण टाकून आले असते."

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, होईल सवय." तिने पदर सारखा केला. "आणि झाली सवय."

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. तक्रार असती, तर मला उत्तर सुचले असते. मी उगाच एका खांबाला हात लावून पाहिला. वीट उन्हाने तापली होती. फोटो काढू का, असे मी विचारले. ती म्हणाली, "काढा, पण मला उभं करू नका. नुसते खांब काढा."

त्या संध्याकाळी सेरंगून रस्त्यावर दीपावलीची रोषणाई होती. फुलांच्या गजऱ्यांचे ढीग, पणत्या, मुरुक्कूच्या पिशव्या, आणि बायकांची ही गर्दी! मग लाउ पा सातला गेलो. १८९४ सालचा तो अष्टकोनी लोखंडी बाजार, ज्याच्या शेजारच्या रस्त्यावर रात्री निखाऱ्यांवर साते भाजतात. शेंगदाण्याच्या चटणीत बुडवून खायच्या त्या काड्यांचे वर्णन माझ्या तोंडून साऱ्या नातेवाइकांनी ऐकले आहे. त्या रात्री मी त्या मुकाट्याने खाल्ल्या.

आल्बम मी पुन्हा उघडला नाही. पण एक गोष्ट आठवली. "पुढच्या महिन्यात पेनांगला जाऊ," असे मी तेव्हा दोन वर्षे म्हणत होतो. तांजोंग पागारच्या स्टेशनात गाडीत बसायचे, क्वालालंपूरला गाडी बदलायची, आणि पुढे बटरवर्थहून बोटीने बेटावर. ते राहूनच गेले. आता ते स्टेशनही बंद आहे. ३० जून २०११ च्या रात्री तिथून शेवटची गाडी निघाली, ती खुद्द जोहोरच्या सुलतानांनी चालवत नेली.

"उद्या पेनांगला जायचं?" मी विचारले.

"परतीचं तिकीट परवाचं आहे."

"बदलू."

तिने माझ्याकडे पाहिले. जरा संशयानेच.

विमानाने दीड तासात पोहोचलो. जॉर्जटाउन हे १७८६ साली इंग्रजांनी वसवलेले बंदर २००८ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे. मला तिथले काहीही ठाऊक नव्हते, आणि ही त्या गावाची मोठीच खुबी! सांगायला काही नसल्यामुळे मी ऐकू लागलो. चिऊ घराण्याच्या धक्क्यावर समुद्रात खांब रोवून घरे बांधली आहेत. फळ्यांच्या वाटेवरून आम्ही शेवटपर्यंत गेलो. पायांखाली पाणी, दारात तुळशीच्या जागी देव्हारे. "भाट्याच्या खाडीचा वास येतोय," ही म्हणाली.

दुपारी आसाम लाक्सा खाल्ला. आसाम म्हणजे मलय भाषेत आंबट; आपल्या आसामशी त्याचा काही संबंध नाही. तांदळाच्या जाड शेवया, त्यावर माशाचे तिखट-आंबट कालवण, वर अननस, काकडी आणि पुदिना. पहिला घोट घेतला आणि हिचा चमचा थांबला.

"अहो, हा बांगडा आहे!"

खरेच बांगडा होता. त्यात आंबटपणासाठी चिंच आणि एका फळाच्या वाळवलेल्या चकत्या घालतात. ते फळ आपल्या रातांब्याच्याच कुळातले, म्हणजे आमसुलाचे भाऊबंद. तिरफळ तेवढे नव्हते. "आई असं बांगड्याचं तिखलं करायची," असे म्हणून ही बोलू लागली ती थांबेना. आईचे तिखले, अण्णांनी पहाटे बंदरावरून आणलेली मासळी, शाळेतल्या मुली, वाचनालयात रोज समोर बसणारे आणि कधीही न बोललेले एक चिनी आजोबा. मी दुसरा वाडगा मागवला. भूक नव्हती, ती बोलायची थांबू नये म्हणून.

निघायच्या दिवशी हिने एक चित्राचे कार्ड घेतले आणि टपालकचेरीच्या बाकावर बसून मुलीला लिहिले. मग पेन माझ्याकडे दिले. "तुम्हीही एक ओळ लिहा."

मी लिहू लागलो, 'आई मजेत आ...'

तिने अलगद पेन काढून घेतले. "ते माझं मी लिहीन."

तिने माझे शब्द खोडले, खाली आपल्या अक्षरात 'मी मजेत आहे' असे लिहिले, एकदा वाचून पाहिले, तिकीट लावले आणि उठून स्वतः पेटीत टाकले. पत्र आत पडल्याचा आवाज होईपर्यंत ती तिथेच उभी राहिली.