खाऊनही झुरणारा मासा

मासा आजारी पडला म्हणजे तो अंगावर काहीतरी खूण दाखवील, अशी आपली साधारण समजूत असते. पांढरे ठिपके, झडलेले पर, धूसर झालेला डोळा ही लक्षणे काचेपलीकडूनही दिसतात आणि पाळणारा लगेच सावध होतो. परंतु खाऱ्या पाण्यातील माशाच्या आतड्यात बिऱ्हाड करणारे जीव असे सहजासहजी दृष्टीस पडत नाहीत. मासा पोहतो, रंगही शाबूत असतो, अन्नावर तुटून पडतो. आणि तरीही दिवसेंदिवस आतून रिता होत जातो.

१९५१ साली मरीन ड्राइव्हवर उघडलेल्या तारापोरवाला मत्स्यालयात आम्हा दोघांच्याही शाळांच्या सहली गेल्या होत्या. आमचे वेड तेव्हापासूनचे. सहा फुटी टाकी मात्र घरी आली ती मुले आपापल्या संसाराला लागल्यावर. वसईत राहत असल्याने समुद्र हाकेच्या अंतरावर आहे, पण त्याचे गढूळ पाणी या नाजूक जिवांना चालत नाही. विकतचे मीठ शुद्ध पाण्यात विरघळवून, त्याची घनता १.०२५ पर्यंत आणून ते टाकीत ओतावे लागते. समुद्राकाठी राहून मीठ विकत घेणारे म्हणून शेजारी आम्हांला हसतात ते उगीच नव्हे.

आमच्याकडे मासळी घेऊन येणाऱ्या मावशींना आम्ही एकदा या किड्यांविषयी विचारले. सुरमईचे पोट साफ करता करता त्या म्हणाल्या, "बाय, समुद्राच्या माशाच्या पोटात किडे असायचेच. आपण आतडं टाकून देतो, म्हणून तुला दिसत नाहीत." याहून नेमके उत्तर ग्रंथांतही क्वचितच मिळेल. गप्पीसारखे गोड्या पाण्यातील शोभेचे मासे बहुधा तळ्यांत पैदास केलेले असतात. खाऱ्या पाण्यातील बहुतेक मासे मात्र प्रवाळखडकांवरून थेट पकडून आणतात, आणि ते आपले पाहुणे सोबत घेऊन येतात. मोकळ्या समुद्रात यजमान व पाहुणा यांचे बरे चाललेले असते. अनेक कृमींना वाढीसाठी मध्ये एखादी गोगलगाय किंवा बारीक कवचधारी जीव लागतो. टाकीत ती साखळी बहुधा तुटते. चाबकासारख्या शेपट्या असलेल्या एकपेशीय जीवांना मात्र असा मध्यस्थ लागत नाही. एकाच्या विष्ठेतून ते दुसऱ्याच्या तोंडात जातात. पकडणे, पिशवीत कोंडणे, प्रवासातील उपास यांनी माशाची शक्ती खचली की त्यांचे फावते.

तीन वर्षांपूर्वी आम्ही मुंबईच्या एका विक्रेत्याकडून दोन मासे आणले. एक एम्परर एंजलचे पिल्लू होते. गडद निळ्या अंगावर पांढरी वर्तुळे, जणू शांत पाण्यात खडा पडावा तशी. दुसरा लांब चोचीचा कॉपरबँड बटरफ्लाय. दोघांनाही प्रथम वेगळ्या, लहान टाकीत ठेवले. नवा मासा किमान चार आठवडे तरी मोठ्या टाकीत सोडायचा नाही, हा आमच्या घरचा कायदा आहे. चोचवाल्याने अन्नाला तोंडच लावले नाही. आठव्या दिवशी तो गेला. एंजल मात्र कोळंबीचा खिमा व समुद्रशेवाळ अधाशासारखे खात असे. तिसऱ्या आठवड्यात समोरून पाहताना ध्यानात आले की, त्याचे पोट आत गेले आहे आणि डोक्यामागची पाठ सुरीच्या पात्यासारखी निघाली आहे. विष्ठा पांढरी, दोऱ्यासारखी लोंबत होती.

पांढरा दोरा दिसला की जंत, असा निष्कर्ष अनेकजण काढतात. तो आम्हांला मान्य नाही. उपाशी माशाच्या आतड्यातूनही नुसता पांढरा चिकट स्राव बाहेर पडतो. भरपूर खाणे, तरी खंगणे आणि पांढरी विष्ठा ही तिन्ही एकत्र आली म्हणजे मात्र संशय बळावतो. खात्री करावयाची तर सूक्ष्मदर्शकच हवा. आमचे एक स्नेही जीवशास्त्राचे निवृत्त शिक्षक आहेत. सरांनी ताज्या विष्ठेचा कण टाकीच्याच पाण्यात काचपट्टीवर घेतला. नळाच्या पाण्याने ते जीव फुटतात, आणि उशीर केला तर निपचित होऊन ओळखू येत नाहीत. भिंगाखाली शेकडो इवलेसे जीव सैरावैरा धावताना दिसले. चोचवाल्याचे पोटही सरांनी आधी उघडून पाहिले होते. त्यात दोन गोलकृमी निघाले. आम्ही म्हटले, "मारेकरी सापडले." सर म्हणाले, "किडे होते हे खरे, पण हा मेला उपासाने. दोन कृमींनी एवढा मासा मरत नाही." मावशींचे बोल आम्हांला तेव्हा आठवले.

उपचाराचे सूत्र माशाच्या तहानेशी निगडित आहे. समुद्राचे पाणी माशाच्या रक्ताहून सुमारे तिप्पट खारट असते. त्यामुळे त्याच्या अंगातील पाणी सतत बाहेर ओढले जाते आणि ते भरून काढण्यासाठी तो अखंड समुद्र पीत असतो. म्हणून पाण्यात टाकलेले औषध थोडेफार पोटात जाते. तरी खात्रीचा मार्ग अन्नाचाच. या एकपेशीय जीवांवर मेट्रोनिडाझोल चालते. आवेच्या दुखण्यावर घरोघरी माहीत असलेली हीच ती गोळी. पशुवैद्यांच्या सल्ल्याने आम्ही १ ग्रॅम खाद्यात १० मिलिग्रॅम या प्रमाणात ती जिलेटिनमध्ये बांधून पाच दिवस दिली. पट्टकृमी असते तर प्राझिक्वांटेल, गोलकृमींना फेनबेंडाझोल. ठिपक्यांच्या रोगावर उपयोगी पडणारे तांबे येथे व्यर्थ. ते आतड्यातल्या जीवांपर्यंत पोचत नाही. लसणाच्या रसाचे स्तोम फार आहे. त्याने भूक वाढत असेल तर वाढो. जंत मरतात याला भक्कम आधार आमच्या वाचनात आला नाही. आणि औषध वेगळ्या टाकीतच द्यावे, कारण प्राझिक्वांटेलने मोठ्या टाकीतले पिसाऱ्याचे शोभिवंत कृमीही मरतात.

दुसऱ्याच दिवशी एंजलने कडू घास थुंकून टाकला. खाणे थांबले असते तर औषधाची वाटच बंद झाली असती. ते दोन दिवस घरात फारसे बोलणे झाले नाही. अखेर शिंपल्याच्या रसात बुडवलेला घास त्याने गिळला. पाचव्या दिवशी विष्ठेला रंग आला. दहा दिवसांनी पुन्हा पाच दिवस औषध दिले, सरांनी दोनदा तपासणी केली, आणि पाठ भरून यायला पुढे महिना लागला.

आता त्याची वर्तुळे तुटून पिवळ्या रेषा उमटू लागल्या आहेत. यापुढे मात्र समुद्रातून पकडलेला मासा आणायचा नाही, असे आम्ही ठरविले आहे. तमिळनाडूतील मंडपम येथे केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने विदूषक माशांची पैदास साधली आहे. २०१६ साली अमेरिकेत फ्लोरिडा विद्यापीठात निळ्या टँगचीही पिल्ले वाढविण्यात यश आले. पैदास केंद्रातच वाढलेली विदूषकांची एक जोडी सध्या आमच्या लहान टाकीत आहे. त्यांची विष्ठा पाहायला सर रविवारी येणार आहेत.