वाऱ्याची कॉपी

खेळाच्या मैदानाशी माझा संबंध शिट्टीपुरताच. पी. टी.चे मास्तर रजेवर गेले की ती माझ्या गळ्यात यायची, एवढंच. माझी खरी कीर्ती परीक्षेच्या हॉलमधली. ज्या वर्गावर मी सुपरवायझर असे, त्या वर्गातली पोरं देवाचं नाव घेऊन पेपर लिहीत. दुसऱ्या कुणाचं काही घ्यायची सोयच नसे. पाठमोरा असलो तरी मागच्या बाकावरून पुढच्या पेपरावर गेलेली नजर मला कळे. (यात सिद्धी वगैरे काही नाही. खिडकीच्या काचेत दिसतं.)

याच कीर्तीच्या भरवशावर एका रविवारी माझा पुतण्या घरी आला. गोव्यात मिरामारला २०१९ साली पहिल्यांदा हाफ आयर्नमॅन झाली, तेव्हापासून त्याला ट्रायथलॉननं पछाडलंय. आधी १.९ किलोमीटर पोहायचं, मग ओल्या अंगानं ९० किलोमीटर सायकल हाणायची आणि वर २१ किलोमीटर पळायचं.

“एवढं करून जायचं कुठं असतं रे?” आमच्या हिनं विचारलं.

“जिथून निघालो तिथंच, काकू.”

“मग निघता कशाला?” असं विचारून ती चहा टाकायला गेली.

पुतण्याचं काम माझ्याकडे होतं. हिवरा आश्रमच्या चार-सहा पोरांना मेहकरच्या रस्त्यावर सायकलीची रंगीत तालीम करायची होती आणि त्यांना पंच हवा होता. “पोहणं नि पळणं आमचं आम्ही बघू, काका. तुम्ही फक्त ड्राफ्टिंग पकडा.”

ड्राफ्टिंग म्हणजे काय, ते त्यानं समजावून सांगितलं. सपाट रस्त्यावर जोरात सायकल मारणाऱ्याची बहुतेक ताकद वारा कापण्यात जाते. वेग दुप्पट केला की वाऱ्याचा विरोध चौपट होतो आणि ताकद आठपट लागते. पुढच्यानं वारा कापला की त्याच्या चाकामागं चिकटलेल्याची चौथा-तिसरा हिस्सा ताकद वाचते. ट्रायथलॉनमध्ये ज्यानं त्यानं आपला वारा आपणच खायचा असतो, म्हणून हे बंद.

“अरे, ही तर कॉपी!” मी उठूनच बसलो.

नियम ऐकून तर मला बोर्डाची आठवण झाली. पुढच्याच्या पुढच्या चाकापासून आपल्या पुढच्या चाकापर्यंत बारा मीटर अंतर हवं. आत शिरलात तर पंचवीस सेकंदांत त्याला ओलांडून पुढं गेलं पाहिजे. ज्याला ओलांडलं, त्यानं मागं सरायचं. त्याचा काय गुन्हा? काही नाही. सापडलात तर पाच मिनिटं तंबूत बसायचं. तिसऱ्यांदा सापडलात की शर्यतीबाहेर. ऑलिंपिकमध्ये मात्र २००० सालच्या सिडनीपासून मागं चिकटायला परवानगी आहे. म्हणजे थेट पुस्तक उघडं ठेवून परीक्षा!

नियम करणं सोपं, राबवणं अवघड, हे मास्तराला कुणी सांगायला नको. पंच मोटारसायकलवरून फिरतात. भरारी पथकाची जीप फाट्यावर दिसली की वर्गात जशी ऋषिमुनींची शांतता पसरते, तसं मोटारसायकलचा आवाज आला की म्हणे सगळे बारा मीटर लांब. आवाज गेला की पुन्हा गळ्यात गळे. बरं, हजार स्पर्धक बारा-बारा मीटरवर ठेवायचे तर बारा किलोमीटरची ओळ होते, आणि त्यातल्या निम्म्यांना पुढच्या निम्म्यांच्या पुढं जायचं असतं! बाकं चिकटून मांडायची आणि नजर गेली म्हणून पोराला झोडायचं, त्यातला प्रकार. न्यूझीलंडच्या मंडळींनी आता सायकलीला लावायचे दिवे काढलेत; फार जवळ गेलं की रंग बदलतो.

आमच्या गावाला अंतराचं महत्त्व नवं नाही. जानेवारीत विवेकानंद आश्रमाच्या महाप्रसादाला लाखो माणसं पंगतीला बसतात आणि पुरी अन् वांग्याची भाजी ट्रॅक्टरवरून वाढली जाते. दोन ओळींत अंतर नाही राखलं, तर ट्रॅक्टर मांडीवरून जाईल. नियम पाळायला असं काहीतरी ठोस कारण लागतं. शिट्टीला कोण भितो?

तालमीच्या दिवशी मी माझी सायकल गावाबाहेरच्या लिंबाला टेकवली आणि एका पोराच्या मोटारसायकलवर मागं बसलो. बारा मीटर म्हणजे साधारण एक लांब एस. टी. दोन सायकलींच्या मध्ये मनातल्या मनात एस. टी. उभी करून बघायचं, ती मावली की ठीक. जाताना सगळं शिस्तीत झालं. मेहकरहून परतताना मात्र पश्चिमेचा वारा तोंडावर आला आणि माझ्या एस. टी.ची हळूहळू रिक्षा झाली. मध्येच म्हशी आडव्या आल्या, तेव्हा सहाही जण एका मीटरमध्ये गोळा झाले. त्याबद्दल म्हशींना पाच मिनिटं दिली.

गावाजवळ एक जण दुसऱ्याच्या मागं चिकटलेला दिसला. मी सेकंद मोजले. पंचविसाला शिट्टी मारली. पुतण्याच होता.

लिंबाखाली बसवला त्याला. इतक्यात शेतावरून दादा सायकलनं आला. दादा म्हणजे त्याचे वडील, माझा थोरला भाऊ.

“काय केलं पोरानं?”

“दुसऱ्याच्या मागं चालवली.”

“धडक देली का?”

“नाही. वारा चुकवला.”

दादानं पोराकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

“मंग तुले किती मिनिटं बसा लागन रे?”

मी घड्याळात बघितलं. उगाच. याच रस्त्यावर आम्ही दोघं मेहकरच्या शाळेत सायकलनं जायचो. परतताना हाच वारा, आणि माझं नाक दादाच्या कॅरिअरला. पुढं मॅट्रिक झाल्यावर तो शेतावर गेला आणि मी कॉलेजात. बी. एड.ची फी त्याच्या ज्वारीतून गेली. त्याच डिग्रीच्या जोरावर मी जन्मभर पोरांना सांगत आलो, ‘स्वतःच्या हिमतीवर लिहा.’

पुतण्याला मात्र पाच मिनिटं पुरी बसवलं. नियम तो नियम. शर्यत एकट्याची आहे, असं त्यानं सही करून कबूल केलेलं असतं.

“मुद्दाम नव्हतो गेलो, काका,” तो जाताना म्हणाला. “वारा लई होता.”

“माहीत आहे,” मी म्हटलं. आजवर एकाही कॉपीवाल्याला मी असं म्हटलेलं नव्हतं.

मी माझी सायकल घेतली. दादा सवयीनं पुढं, मी सवयीनं मागं. घराकडं तोंड केलं की वारा समोरून. दादाची पंचाहत्तरी उलटली आहे. पॅडल एकेक करून पडत होतं. मी उभा राहून जोर लावला आणि पंचवीस सेकंदांत नाही, पण दोनेक मिनिटांत त्याला ओलांडलं.

“काहून रे, घाई हाय का?” मागून आवाज आला.

“नाही. तू ये मागून, जवळ.”

तो आला. एस. टी. सोडा, टोपलीसुद्धा मावली नसती मध्ये. शिट्टी खिशातच होती.