कर्णधार आणि पाळक

क्रिकेट-संघाच्या नायकाला मराठीने ‘कर्णधार’ म्हटले, हे मला नेहमीच मार्मिक वाटत आले आहे. कर्णधार म्हणजे सुकाणू धरणारा. नाव बुडाली तर तोही बुडतो. मराठी ख्रिस्ती समाजात धर्मगुरूस ‘पाळक’ म्हणतात. पाळक हा काही कळपातला नव्हे. (ख्रिस्ताला देवाचे कोकरूही म्हटले आहे, याचा व्यासपीठावर सहसा विसर पडतो.) कर्णधाराच्या हातून झेल सुटला तर साऱ्या मैदानाला दिसतो, पाळकाच्या चुका कळपाच्या नजरेआड राहतात, आणि चर्चची बरीच दुखणी येथूनच उद्भवतात, असे माझे मत झाले आहे.

डेव्हिड शेपर्ड यांनी दोन्ही पदे भूषविली. १९५४ मध्ये दोन कसोटी सामन्यांत ते इंग्लंडचे कर्णधार होते. १९७५ मध्ये लिव्हरपूलचे अँग्लिकन बिशप झाले. प्रॉटेस्टंट-कॅथलिक वैर मुरलेल्या त्या शहरात कॅथलिक आर्चबिशप डेरेक वॉरलॉक यांच्यासमवेत ते सुमारे वीस वर्षे जाहीरपणे वावरले. या सख्यात मला धर्मशास्त्राहून मैदानाचा संस्कार अधिक जाणवतो. कर्णधाराला अकराही गडी मनाजोगे क्वचितच लाभतात; आहेत त्यांच्यानिशीच त्याला खेळावे लागते. १९८८ मध्ये दोघांनी मिळून ‘बेटर टुगेदर’ हे पुस्तकही लिहिले.