बिनपगारी फुल अधिकारी

पहिल्या वर्षी अनंत चतुर्दशीच्या दुपारी साठ स्वयंसेवक घेऊन मी घाटावर पोचलो, तेव्हा आमच्या आरोग्य कोठीचे मुकादम पायरीवर बसून तंबाखू मळत होते. पोरांच्या अंगात नवेकोरे पिवळे टी-शर्ट, छातीवर महापालिकेचं बोधचिन्ह. मुकादमांनी एकवार सगळ्यांकडे पाहिलं आणि शेजारच्या कामगाराला म्हणाले, "आले बघ, बिनपगारी फुल अधिकारी."

मला राग आला. रात्री दहापर्यंत तो उतरलाही, कारण माणूस खरं बोलला होता. माझी पोरं 'निर्माल्य नदीत टाकू नका' म्हणून ओरडत होती, मधूनमधून फोटो काढत होती. ओली पोती मात्र मुकादमांचीच माणसं वाहत होती.

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका महापालिकेत अकरा वर्षं मी हे काम पाहिलं. नाव लिहीत नाही, पेन्शनची एक फाइल अजून तिथंच आहे. कागदावर 'लोकसहभाग कक्ष', प्रत्यक्षात एक टेबल, एक कपाट, मी आणि अर्धा शिपाई. अर्धा अशासाठी, की उरलेला अर्धा जन्म-मृत्यू नोंदणीकडे असायचा. पल्स पोलिओ, वृक्षारोपण, एखाद्या वर्षी पूर, असं बारमाही काहीतरी चालूच असे. पण परीक्षा भाद्रपदात. दीड दिवसाचे, पाच दिवसांचे, गौरींबरोबरचे, सात दिवसांचे आणि शेवटी चतुर्दशीचे, असे गणपती लाटेमागून लाट येत. आणि प्रत्येक लाटेची माणसं वेगळी.

स्वयंसेवक म्हणजे फुकट मनुष्यबळ, ही कचेरीतली पक्की समजूत. ती मोडायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला आणि ती पुरती मोडली, असं मी म्हणणार नाही. चहा-बिस्किटांच्या बिलावर लेखापरीक्षणात शेरा आला होता : 'स्वयंसेवक असल्याने चहापानाचे प्रयोजन स्पष्ट करावे.' मी तीन पानी खुलासा लिहिला. त्या खुलाशाच्या कागदाला आणि झेरॉक्सला चहाइतकाच खर्च आला असेल. एका वर्षी हातमोजे आले ते चतुर्दशी उलटल्यावर चौथ्या दिवशी. टिपणी जूनमध्ये गेली होती. ते मोजे पुढच्या वर्षीसाठी कपाटात ठेवले, तर पावसाळ्यात रबर एकमेकांना चिकटून त्यांचा एकच मोठा मोजा झाला. तेव्हापासून मोजे, दोर आणि परडी यांची मागणी मी गुढीपाडव्याला टाकू लागलो. लोकांना नवं वर्ष लागायचं, मला गणपती.

मुकादमांकडे मी दुसऱ्या वर्षी आधीच गेलो. कोठीवर, पहाटे, हजेरीच्या वेळी. म्हटलं, "काय चुकलं ते सांगा."

"साहेब, तुमची पोरं उचलणार का नुसतं सांगणार, ते ठरवा आधी."

त्यांनी मग जे शिकवलं ते कुठल्याही प्रशिक्षण पुस्तिकेत मला सापडलं नाही. पोतं अर्धंच भरायचं. निर्माल्य ओलं असतं, भरलेलं पोतं दोघांनाही उचलत नाही आणि पायरीवर फाटलं तर सगळी मेहनत पाण्यात. हारातली तार, पिना, रिबिनी जागेवरच काढायच्या, कारण खताच्या यंत्रात एक तार गेली की यंत्र दिवसभर बंद. नारळ वेगळे. दूर्वा, फुलं, केळीची पानं एकत्र चालतील. देवांच्या जुन्या तसबिरी लोक हमखास आणून ठेवतात, त्या काचेने हात कापतो, म्हणून त्यांना वेगळा कोपरा. 2018 साली राज्यात थर्माकोलवर बंदी आली, तरी पुढची दोन-तीन वर्षं माळ्यावरची मखरं निघतच राहिली. त्यांचाही कोपरा केला. दुसऱ्या वर्षीपासूनच नियम केला होता की स्वयंसेवकांच्या प्रत्येक तुकडीला सूचना मुकादम देतील, मी नाही. आणि पोती वाहायला कामगाराच्या जोडीला स्वयंसेवक असेल, त्याच्या जागी नाही. हा फरक लहान वाटतो. पण कामगारांना वाटत होतं की ही पोरं आली, आता आपली गरज कमी झाल्याचं उद्या कुणीतरी साहेबाला सुचवणार. तशी टिपणी खरंच एकदा फिरली होती. मी तिच्यावर 'असहमत' लिहिलं. त्या अकरा वर्षांतला तो माझा सगळ्यात उपयोगी शब्द असेल.

घाटावर काय बोलायचं, हे त्याहून अवघड. पहिल्या वर्षीचं 'टाकू नका' भांडण लावणारं होतं. माणूस दहा दिवसांच्या पाहुण्याला निरोप द्यायला आलेला असतो, घरातलं लेकरू रडत असतं, आणि समोर एक पिवळा शर्ट नदीच्या प्रदूषणावर व्याख्यान देतो. आम्ही ते बदललं. "काका, आरती झाली का?" एवढंच विचारायचं. मग दोन्ही हात पुढे. निर्माल्य ओंजळीत घ्यायचं, एका हाताने ओढायचं नाही. बरेच जण आपणहून विचारायचे, "मूर्ती हौदात द्यायची का?" अंधश्रद्धा निर्मूलन समितीने 'विसर्जित मूर्ती दान करा' ही हाक महाराष्ट्रात गावोगावी नेली होती, तिनेच आमच्या हौदांची वाट सोपी केली. काहींना 'दान' हा शब्द खटकायचा, त्यांच्यापुढे आम्ही तो उच्चारत नव्हतो.

तरी हौदाकडून लोक नाराज होऊन परतत. का, ते मला दोन वर्षं कळलं नाही. तीनदा बुडवून देत होतो, मंत्रपुष्पांजलीला वेळ देत होतो. शेवटी एका भिशी मंडळाच्या ताई म्हणाल्या, "अहो, पाटावर काय न्यायचं घरी?" विसर्जन झालं की पाटावर नदीची मूठभर वाळू ठेवून घरी न्यायची, रिकामा पाट न्यायचा नाही, हे माझ्या घरीही होतं. पत्र्याच्या हौदात वाळू कुठली? दुसऱ्या दिवशी हौदाशेजारी नदीतली वाळू भरलेली परात ठेवली आणि तिच्यापाशी त्या ताईंनाच उभं केलं. वीस रुपयांचाही खर्च नाही. हौदाकडची रांग त्या संध्याकाळी दुप्पट झाली, असं मला वाटलं. मोजली मात्र नाही, मोजायला माणूस नव्हता.

योग्य जागी योग्य माणूस, हे मी तिथं शिकलो. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने प्लॅस्टरची मूर्ती अमोनियम बायकार्बोनेटच्या पाण्यात विरघळवायची पद्धत दिली. तळाशी खडूसारखा चुना बसतो, वरच्या पाण्यात अमोनियम सल्फेट उतरतं, ते झाडांना चालतं. आमच्याकडे पुड्या आल्या, तेव्हा मी रसायनशास्त्राची एक विद्यार्थिनी टेबलावर बसवली. तिने सगळं बिनचूक सांगितलं. पुडी कुणी नेईना. जेवायला ती उठली आणि तिच्या जागी एक आजी बसल्या. "आम्ही गेल्या साली केलं. वास येतो जरा, खिडकी उघडी ठेव. आणि बादलीवर स्वच्छ पंचा टाक, देव विरघळताना बघवत नाही." तासाभरात पुड्या संपल्या.

पाण्याच्या बाबतीत मात्र मी कुणाचंच ऐकलं नाही. तिसऱ्या वर्षी एक पोरगा शेवाळावरून घसरून छातीभर पाण्यात गेला. अग्निशमन दलाच्या जीवरक्षकाने कॉलर धरून काढला, म्हणून निभावलं. त्याच्या आईला मी स्वतः फोन केला. ती काही वाईट बोलली नाही, ते जास्त लागलं. पुढे दोर बांधला. दोरापलीकडे फक्त अग्निशमनचे जवान आणि नदीकाठची भोयांची पोरं. स्वयंसेवक कितीही पट्टीचा पोहणारा असो, दोराच्या अलीकडे.

प्रमाणपत्रांबद्दल पुष्कळ नाकं मुरडलेली मी पाहिली. राष्ट्रीय सेवा योजना 24 सप्टेंबर 1969 रोजी सुरू झाली. वर्षाला 120 तास भरायचे असतात. पोरं ते तास भरायला येतात, त्यात लाज कसली? पगार नाही, निदान तास तरी लिहा. पण लिहायचे ते खरे. एकाला साडेतीन तासांची सही दिली, त्याला आठ हवे होते. तो रागावून गेला, पुन्हा आला नाही. येईल असं मला वाटलंही नव्हतं.

न येणाऱ्यांनीच मला जास्त शिकवलं. माउलींच्या पालखी सोहळ्यात तळावर समाजआरतीच्या वेळी चोपदार हाक देतो आणि सगळ्या दिंड्यांचे टाळ थांबतात. ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती टाळ वाजवतच राहते. मग तिच्यापाशी जाऊन गाऱ्हाणं ऐकावं लागतं, त्याशिवाय आरती होत नाही. एवढ्या मोठ्या बिनपगारी जमावाची याहून शहाणी व्यवस्था मी पाहिलेली नाही. स्वयंसेवकाकडे टाळ नसतो. त्याचं बिनसलं की तो भांडत नाही, अर्ज करत नाही. पुढच्या वर्षी येत नाही, इतकंच. म्हणून चतुर्दशीनंतर आठवड्याने मी गेल्या वर्षी असलेल्या आणि यंदा नसलेल्या नावांची यादी काढायचो आणि फोन करायचो. बदली, लग्न, गुडघे, अशी कारणं बहुतेक.

त्या यादीत एका वर्षी बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ निघाले. सलग तीन वर्षं ते घाटाच्या टोकाला उभे राहून हारांतल्या तारा काढत असत, न बोलता, चष्मा नाकावर घेऊन. चौथ्या वर्षी मंडपात आले होते, पाचव्या वर्षी आलेच नाहीत. मी विचारलं, "तब्येत बरी ना?"

"तब्येत उत्तम आहे हो."

"मग?"

थोडा वेळ ते गप्प राहिले. "गेल्या साली तुम्ही मला खुर्ची दिलीत."

खरंच दिली होती. वयाचा मान म्हणून, पाहुण्यांच्या शेजारी, पंख्याखाली. वर त्यांच्या हातून एका नगरसेवकांना गुलाबाचं फूलही देववलं होतं. तारा काढायला दुसऱ्याला बसवलं होतं. मी माफी मागितली, पुढच्या वर्षी तारांची जागा त्यांच्या नावाने राखून ठेवली. ते आले, आणि त्यानंतरची दोन वर्षंही आले.

गेल्या मार्चअखेर मी निवृत्त झालो. जूनमध्ये कक्षात जाऊन यंदासाठी स्वयंसेवक म्हणून नाव नोंदवलं : तिसरा घाट, दुपारी चार ते आठ, काम – हारांतल्या तारा काढणे. तिथल्या नव्या मुलाने अर्ज घेतला आणि चहा मागवला. परवा गणपती बसतायत. अजून कुणाचा फोन आलेला नाही.