छापलेलं आणि राहून गेलेलं

मालवणात दवाखाना टाकला तेव्हा 'ग्रे', 'डेव्हिडसन' ही पाठ्यपुस्तकं आणि औषध कंपन्यांच्या डायऱ्या, एवढीच माझी लायब्ररी. अपरात्री दार वाजायचं, "डाक्टरांनू, इंचू चावलो!" तांबडा विंचू असला तर घामाने चिंब, हातपाय गार पडलेलं पोर, पहाटेपर्यंत तोंडाला फेस. माझ्या पुस्तकांत त्यावर चार ओळी.

मग गोवा गाठायचं. पोर्तुगीजांनी 1842 साली काढलेली एस्कोला मेडिका म्हणजेच आजचं गोवा मेडिकल कॉलेज. (मांडवीकाठच्या त्या जुन्या वास्तूत आता इफ्फी चित्रपट महोत्सवाची गर्दी असते.) तिथल्या लायब्ररीत ओळखीने बसायला मिळे. 'इंडेक्स मेडिकस'चे जाडजूड खंड, मुंगीएवढी अक्षरं, विषयवार नुसती लेखांची नावं. बोट फिरवत खाली यायचं, जर्नल, वर्ष, पान चिठ्ठीवर टिपायचं आणि मांडणीवर तो अंक शोधायचा. अशाच एका चिठ्ठीवरून 1986 चा 'लॅन्सेट' हाती आला. विंचूदंशावर प्राझोसिन, लेखक बावसकर, आमच्याच कोकणात, रायगड जिल्ह्यात काम करणारे! विषाने अॅड्रेनलिन उसळतं, रक्तवाहिन्या आवळतात, हृदय दमतं, फुप्फुसात पाणी भरतं. रक्तदाबाची ही गोळी त्या वाहिन्या सैल करते. रायगडातलं ज्ञान लंडनला छापून गोव्यामार्गे मालवणात. फेरा लांबचा, पण पोचलं, कारण कुणीतरी लिहिलं होतं.

पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ताने इथल्या वैद्यांना विचारून घेतलेलं औषधींचं ज्ञान 1563 साली गोव्यातच छापलं आणि लॅटिन संक्षेपातून ते युरोपभर गेलं. ते वैद्य मात्र स्वतः न लिहिता गेले ते गेलेच. मांद्र्याचे डॉ. भाऊ दाजी लाड तर ग्रँट मेडिकल कॉलेजचे, शिलालेखांवर भरभरून लिहिणारे. पण कुष्ठरोगावरचा कडूकवठाचा उपचार त्यांनी गुप्त ठेवला. 1874 साली ते वारले. एवढ्या मोठ्या माणसाचा मला याबाबतीत रागच येतो.

आता ओरोसला सरकारी मेडिकल कॉलेज आहे. 'इंडेक्स मेडिकस' छापायचा 2004 सालीच थांबला. मुलं फोनवर पबमेड उघडतात. वाचणं सोपं झालं, लिहायचा कंटाळा तेवढाच. फुरसं चावलेल्यांच्या नोंदींच्या माझ्या वह्या परवा ओळखीतल्या एका विद्यार्थिनीला दिल्या. तिचा पहिला प्रश्न, "सर, चावल्यापासून दवाखान्यात येईपर्यंतचा वेळ लिहिलाय ना?" बहुतेक पानांवर लिहिलाय. आता ती तो एक्सेलमध्ये भरतेय.