आवाज येतो, शब्द येत नाहीत

गाडीत चांगला आवाज बसवायचा म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर एकच चित्र उभं राहतं. डिकीत भलामोठा वूफर, मागच्या काचेवर कंपनीचं स्टिकर आणि गाडी गल्लीत शिरायच्या आधीच घरातली भांडी हलवणारी धडधड. अशा गाड्यांना मी आजवर नाकं मुरडत आले आणि पुढेही मुरडेन. तरीही यंदा भिशी लागली तेव्हा ते पैसे मी गाडीच्या स्पीकरवरच घातले. शेजारच्या भाभींनी विचारलंच, "बाजी, इतक्या दिवसांनी पैसे हाताला आले आणि स्पीकर?" त्यांना जे सांगितलं, तेच इथे जरा सविस्तर लिहिते.

आमची गाडी म्हणजे तिसऱ्या हातात आलेली छोटी मारुती. तासगाव तालुक्यातल्या आमच्या गावाहून अब्बांना आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी मिरजेला न्यावं लागतं. माझी शाळा सांभाळून मीच नेते. जाऊन-येऊन साठेक किलोमीटर. येताना अब्बा थकलेले असतात, बोलणं कमी. तेव्हा जुनी गाणी, एखादी नात, कधी क्रिकेटची कॉमेंट्री लावायची, हा आमचा शिरस्ता. गेल्या वर्षभरात ते म्हणू लागले, "बंद कर बेटा. आवाज येतो, शब्द येत नाहीत."

अब्बा एसटीत ड्रायव्हर होते. ३० वर्षं इंजिनाच्या शेजारी बसलेला माणूस. कानाच्या डॉक्टरांनी तपासणीचा आलेख दाखवून समजावलं, की वयानं आणि गोंगाटानं वरच्या पट्टीतलं ऐकणं आधी जातं. बोलण्यातले स्वर खालच्या पट्टीत असतात, ते ऐकू येतात. स, श, फ, ख यांसारखी बारीक, फुसफुसती व्यंजनं मात्र निसटतात. 'साठ' म्हटलं की 'आठ' ऐकू येतं. आवाज मोठा केला की स्वर आणखी मोठे होतात, व्यंजनं तिथंच राहतात. अब्बांना मशीन घेतलं आहे, घरी ते लावतातही. गाडीत शिरले की काढून खिशात ठेवतात. वारा आणि टायरची घरघर त्यात एवढी वाढते, की डोकं दुखतं म्हणतात.

गाण्यांचं मी मनावर घेतलं नसतं. पण धाकटा भाऊ दम्मामला असतो आणि त्याचा फोन बहुतेक वेळा आम्ही परतीच्या वाटेवर असतानाच येतो. फोन ब्लूटूथने गाडीच्या टेपला जोडलेला. गेल्या जानेवारीत त्यानं विचारलं, "अब्बा, कंपनी करार वाढवून देतेय. दोन वर्षं अजून थांबू का? तुमची तब्येत बघता मला काही सुचत नाही." अब्बा म्हणाले, "हां बेटा, हां." इतक्या शांतपणे, की भावाला वाटलं अब्बांनी विचार करून सांगितलं. मी शेजारी स्टिअरिंगवर होते. त्यांचा चेहरा बघून मला कळलं, की त्यांच्यापर्यंत प्रश्न पोचलाच नव्हता. घरी आल्यावर सांगितलं तर म्हणाले, "मी कधी हो म्हटलं?" मग गप्प बसले. बऱ्याच वेळानं म्हणाले, "पुन्हा पुन्हा 'काय म्हणालास' विचारायची लाज वाटते. तिकडून पोराचे पैसे जातात." भावाला मी त्याच रात्री कळवलं, की सही करू नकोस, थांब.

दुसऱ्या आठवड्यात सांगलीतल्या एका दुकानात चौकशी केली. त्यांनी २२ हजारांचं 'पॅकेज' सांगितलं. मोठा टचस्क्रीन, अॅम्प्लिफायर आणि डिकीत बास ट्यूब. मी विचारलं, यात माणसाचं बोलणं स्पष्ट ऐकू येईल का? मुलगा म्हणाला, "मॅडम, सीट हलेल, सीट!"

गावात बसस्थानकाजवळ एक चाचा आहेत. रेडिओ, पंखे, लग्नातले कर्णे, सगळं दुरुस्त करतात. त्यांनी अर्धा तास गाडीत बसून ऐकलं. पहिलं काम त्यांनी एक पैसाही न घेता केलं. सगळा आवाज मागच्या स्पीकरकडे वळवलेला होता, तो पुढे आणला. बास खाली उतरवला, वरची पट्टी थोडी चढवली आणि 'लाउडनेस'चं बटण बंद केलं. खालच्या पट्टीचा आवाज वरच्या पट्टीला झाकून टाकतो, असं ते म्हणाले. टायरची घरघर मुळात खालच्याच पट्टीतली, त्यात आपण बास ओततो, मग बोलणं बुडणारच. ज्या भगिनींकडे जुनी गाडी आहे त्यांनी पैशाला हात घालण्याआधी एवढं जरूर करून पाहावं. निम्मा फरक इथंच पडतो.

मग त्यांनी पुढच्या दोन्ही दारांचे स्पीकर उघडले. कागदी पडदे कडेला फाटलेले. वायरी सोडवून पेन्सिल सेल क्षणभर टेकवला. सेलचं अधिक टोक स्पीकरच्या अधिक टोकाला लावलं की पडदा बाहेर उसळायला हवा. पण दारातल्या रंगीत वायरींवरून पाहिलं, तर उजवा बाहेर उसळला आणि डावा आत गेला. कुणा आधीच्या मालकाच्या काळात एक जोडणी उलटी झालेली. अशा वेळी दोन स्पीकर एकमेकांचा आवाज खातात आणि गाणाऱ्याचा गळा कुठून येतोय तेच समजत नाही. दीड व्होल्टच्या सेलनं हे कळतं, याचं मला अजून नवल वाटतं.

नवे स्पीकर घेताना चाचांनी एक गोष्ट बजावली, "बाजी, खोक्यावरचे वॅट बघू नका." खोक्यावर ३०० लिहिलेलं असतं, तो क्षणभराचा आकडा. साध्या टेपमधून एका स्पीकरला सतत मिळणारी ताकद १५-२० वॅटच असते. बघायची ती सेन्सिटिव्हिटी, डेसिबलमध्ये लिहिलेली. ९२ डेसिबलचा स्पीकर ८९ वाल्याएवढा आवाज निम्म्या ताकदीत देतो. म्हणजे अॅम्प्लिफायरचे पैसे वाचले. दाराचं भोक आणि आतली खोलीही मोजून न्यायची, नाहीतर काच खाली घेतली की चुंबकाला अडते.

आम्ही वेगळा ट्वीटर असलेली जोडी घेतली. बारीक आवाज सरळ रेषेत जातो. दारातला स्पीकर अब्बांच्या गुडघ्याशी बोलणार, आणि गुडघ्याला कान नसतात. म्हणून ट्वीटर वर, आरशाजवळच्या तिकोनात, त्यांच्याकडे तोंड करून बसवले.

सगळ्यात जास्त वेळ गेला दारं भरण्यात. दाराच्या आतल्या पत्र्याला मोठाली भोकं असतात. स्पीकरच्या पाठीमागचा आवाज तिथून येऊन पुढच्यात मिसळतो आणि पत्रा स्वतःही थरथरतो. ब्युटाइल रबराचे, वर अॅल्युमिनियमचा पातळ थर असलेले तुकडे कापून आम्ही ते बंद केले. मी पाट्यावरच्या वरवंट्यानं ते पत्र्यावर दाबून बसवत होते, आणि अम्मी दारातून बघून म्हणत होती, "चटणी राहिली बाजूला!" गच्चीला लावतात त्या डांबरी पट्ट्या स्वस्त मिळतात, पण त्या घेऊ नयेत. आमच्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात त्या वितळतात आणि गाडीभर वास सुटतो, आजारी माणसाला तो सोसत नाही. दाराच्या तळाशी पाणी निघून जायला बारीक छिद्रं असतात, ती मात्र उघडीच ठेवायची. बुजवली तर पावसाळ्यात दार गंजतं.

हिशोब असा: स्पीकर २,९००, रबर १,१००, प्लास्टिकच्या रिंगा २५०, मूळ वायर न कापता जोडायचे कपलर १५०, चाचांची मजुरी ६००. एकूण ५,००० रुपये. मजुरी त्यांनी नको म्हटलं, मी ती डब्याखाली ठेवून आले. टेप जुनाच राहिला, मागचे स्पीकरही जुनेच, आता ते जवळपास बंदच असतात. आवाज पूर्वीपेक्षा कमी ठेवावा लागतो, हे मला सर्वात आवडलं. राहिलेला कान जपायचा तर तेही हवंच. जागतिक आरोग्य संघटनेनं ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत ठीक धरला आहे, ९० ला तो वेळ ४ तासांवर येतो.

कान काही नवे झालेले नाहीत. कोकरुडच्या फाट्यापुढं रस्ता खराब असावा तसे काही शब्द अजून उडतात. पण पुढच्या मंगळवारी भावाचा फोन आला तेव्हा मी मुद्दाम काही बोलले नाही. त्यानं तोच प्रश्न पुन्हा विचारला. अब्बांनी थोडं पुढे झुकून विचारलं, "पगार किती वाढवतायत?" त्यानं आकडा सांगितला. अब्बांनी तो बरोबर परत म्हटला, साठच्या जागी साठ. मग म्हणाले, "दोन नको. एक वर्ष काढ आणि ये. तुझी अम्मी रोज कॅलेंडर बघते, मला सांगत नाही." पलीकडे भाऊ बराच वेळ काही बोलला नाही. मी गाडी चिंचेखाली बाजूला घेतली आणि त्यांचं बोलणं होईपर्यंत इंजिन बंद ठेवलं.

त्यानं एकाच वर्षाच्या करारावर सही केली आहे. मागच्या डाव्या दाराची खडखड अजून राहिली आहे. भिशीतले हजार शिल्लक होते, ते पेट्रोलला गेले. पुढचा नंबर लागला की बघू.